फोर बाय फोर गाड्यांची तुलना कशी करावी: टेप, काठी आणि गावची पाणंद

भोर तालुक्यात आमच्या शेताकडे जाणारी पाणंद सव्वा किलोमीटरची. त्यातला अर्धा किलोमीटर पावसाळ्यात असा होतो की बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, घ्यायचं ठरलं तेव्हा मीही सगळे करतात तेच केलं. व्हिडिओ पाहिले, वहीत तीन रकाने पाडले (ऑफ-रोड, भरवसा, सुरक्षितता), प्रत्येकी दहापैकी गुण दिले आणि बेरीज मारली. बेरजेत पहिली आलेली गाडी ओढ्याजवळच्या दोन गडग्यांमधून नेली तर आरसे मिटूनही दोन्हीकडे चार-चार बोटंच उरत होती.

तेव्हा कळलं की या तीन गोष्टींची बेरीज होत नाही. प्रत्येक गोष्ट वेगळ्या जागी तपासावी लागते: पहिली मातीत, दुसरी गॅरेजात आणि तिसरी कागदावर. त्या वहीतली बेरीज खोडून पुढे जे केलं, ते क्रमाने लिहितो. गाड्या चारच धरल्या आहेत: महिंद्राची तीन दारी थार, पाच दारी थार रॉक्स, मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा. पद्धत कुठल्याही गाडीला चालेल.

पायरी १: गाडीआधी रस्ता मोजा

पंधरा फुटी टेप, एक सरळ काठी आणि वही घेऊन रस्त्यावर पायी जा. सगळ्यात अरुंद जागेची रुंदी घ्या. मग दोन चाकोऱ्यांच्या मधे मातीचा जो वरंबा तयार होतो त्याची उंची. चाकोऱ्यांवर आडवी काठी धरून मोजायला गेलात तर ती वरंब्यावरच टेकते, म्हणून वरंब्यावर काठी समतल धरा आणि तिथून खाली चाकोरीच्या तळापर्यंत टेप सोडा. माझा आकडा मे महिन्यात १९ सेंटीमीटर आला. ओढ्याचं पाणी मोजायला मात्र पावसाळ्यातच जायला हवं. उन्हाळ्यात मोजलेल्या कोरड्या ओढ्यावरून गाडी निवडणारे लोक मी पाहिले आहेत.

रुंदीत फरक बराच पडतो. जिम्नी १,६४५ मिलिमीटर, थार १,८२० आणि रॉक्स १,८७० मिलिमीटर रुंद आहे, आणि यात आरसे धरलेले नाहीत.

अजून एक हिशेब वहीत लिहा: वर्षभरात डांबर किती आणि माती किती. पुण्याहून आमचं गाव साठ किलोमीटर डांबर आणि मग ती सव्वा किलोमीटर पाणंद. म्हणजे माझी तथाकथित ऑफ-रोड गाडी शंभरातले अठ्ठ्याण्णव किलोमीटर ट्रक आणि एसटीच्या सोबतीने धावणार. हा आकडा पुढे कामाला येतो.

पायरी २: ती गाडी फोर बाय फोर आहे ना?

प्रश्न बावळट वाटेल, पण विचारा. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागची चाकं ओढणाऱ्या रूपातही मिळू लागली. दिसायला जवळपास सारखीच. रॉक्स २०२४ च्या १५ ऑगस्टला आली तेव्हा फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये होती. जुनी गाडी बघायला गेलात तर आधी दुसरा लिव्हर किंवा नॉब शोधा, आणि त्यावर ‘४एल’ लिहिलेलं आहे का पाहा. ही हलकी गिअर-श्रेणी म्हणजे खऱ्या ऑफ-रोड गाडीचा जीव. वेग मरतो, पण चाकावरची ताकद वाढते, आणि उतारावर ब्रेकला हात... म्हणजे पाय न लावता गाडी इंजिनाच्या धाकात हळूहळू उतरते. बऱ्याच ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ एसयूव्हींना ती नसते.

या चारही गाड्यांची फोर बाय फोर गरजेपुरती लावायची असते. पुढच्या आणि मागच्या आसामध्ये चाकांच्या वेगातला फरक पचवणारं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे कोरड्या डांबरावर ‘४एच’ (चारही चाकं, नेहमीची गिअर-श्रेणी) लावून वळलात तर सगळा ताण ट्रान्सफर केस (दोन्ही आसांना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर येतो. ट्रायलच्या वेळी कोणी हौसेने डांबरावर लावून दाखवत असेल तर थांबवा.

पायरी ३: काठी लावून कोन बघा

चढाला किंवा बांधाला गाडीचं नाक टेकणार की नाही, हे जमिनीपासूनच्या उंचीपेक्षा पुढच्या कोनावर ठरतं. काठीचं खालचं टोक पुढच्या चाकासमोर जमिनीवर ठेवा. काठी टायरला चिकटून बंपरच्या खालच्या कडेला टेकली की तिच्यावर मोबाइल ठेवून ॲपमध्ये कोन वाचा. मागेही तसंच. कंपन्यांच्या आकड्यांत थार आणि रॉक्स दोन्ही ४१ अंशांच्या पुढे, गुरखा ३९, जिम्नी ३६. नंतर कोणी क्रॅश गार्ड किंवा दिव्यांची पट्टी बसवली की हा कोन कमी होतो, हे ब्रोशर सांगत नाही.

पोटाचा कोन मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे जातात आणि गाडी पोटावर बसते. तो दोन आसांमधल्या अंतरावर आणि पोटाखालच्या उंचीवर ठरतो. थारचं अंतर २,४५० मिलिमीटर, कोन २६-२७ अंशांच्या घरात. रॉक्स तिचीच थोरली बहीण, पण अंतर २,८५० आणि कोन २३.९. जिम्नीचा २४, तीन दारी गुरखाचा २८. मागच्या दोन दारांची किंमत इथे मोजावी लागते.

पाण्याच्या बाबतीत थारला ६५० आणि गुरखाला ७०० मिलिमीटरची मर्यादा सांगितलेली आहे. साडेसहाशे म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाची साधारण अर्धी मांडी. हा आकडा संथ पाण्याचा आणि हळू जाणाऱ्या गाडीचा. वाहत्या ओढ्यात त्याला काही अर्थ नाही. पाण्यात आधी पायी उतरून बघा, आणि उतरायची भीती वाटली तर गाडीही घालू नका.

पायरी ४: लटकलेल्या चाकाची परीक्षा

इथे घाई करू नका, गाडीचं खरं रूप इथेच कळतं. अशी जागा शोधा की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी खड्ड्यात लोंबेल. शेताच्या बांधावरून गाडी तिरकी चढवली की सहज जमतं. आता फोर-लो (तेच ‘४एल’) लावून पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे न्या.

एका आसाच्या दोन चाकांमधल्या साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ते ताकद सोप्या वाटेने सोडतं. लोंबणारं चाक हवेत गरगरतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म. यावर दोन उपाय असतात. एक म्हणजे लॉक: दोन्ही चाकं एकमेकांना जखडून सारखी फिरतात. दुसरा ब्रेकचा: गरगरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, म्हणजे ताकद नाइलाजाने दुसरीकडे जाते.

गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाने लावायचे लॉक आहेत. ती या परीक्षेत इतक्या निवांतपणे पास होते की बघणाऱ्याला मजाच वाटत नाही. थारमध्ये मागचं लॉक व्हेरियंटनुसार असतं किंवा नसतं; असेल तर चाक सटकल्यावर आपोआप लागतं. रॉक्सच्या फोर बाय फोरला मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. जिम्नी पूर्णपणे ब्रेकवर अवलंबून. तिच्यात बसून मी बांधावर अडकलो तेव्हा घाबरून पाय काढला आणि गाडी मागे आली. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “काका, पाय काढू नका. थोडा धरून ठेवा, तिला विचार करू द्या.” दोन सेकंद टकटक आवाज आला, चाक थांबलं आणि गाडी वर. ब्रेकवाल्या यंत्रणेला असा धीर लागतो. लांबच्या चिखलात ती तापते, लॉक तापत नाही.

पण जिम्नीला कमी लेखू नका. ती जेमतेम बाराशे किलोची आहे, आणि पुढचा आस अखंड आहे: एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. बाकी तिघींची पुढची चाकं स्वतंत्र आहेत. चिखलात वजन हा शत्रू, आणि आमच्या पाणंदीत अवजड गाडी रुतली की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. तिचं दुखणं चढावर कळतं. १३४ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद), तोही चार हजार आरपीएमला. चार माणसं आणि धान्याची पोती भरली की इंजिन ओरडायला लागतं.

ही तुलना करताना टायर सारखे हवेत. एका गाडीला चिखलाचे नवे टायर आणि दुसरीला हायवेचे गुळगुळीत, असं असेल तर तुम्ही टायरांची तुलना करताय. काळ्या मातीत तर खाचा भरल्या की कुठलाही टायर लाडूसारखा गोल होतो.

पायरी ५: भरवसा गॅरेजात कळतो

‘ही गाडी दणकट आहे का?’ असं मालकाला विचारू नका. एवढे पैसे घालून कोणी नाही म्हणत नाही. विचारायचं मिस्त्रीला, आणि तेही ‘गेल्या सहा महिन्यांत या गाडीचं काय काय उघडलंस?’ असं. आमच्या मिस्त्रीने एका गाडीच्या डिफरन्शियलचा नट काढला, बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि माझ्यापुढे धरलं. तेल पिवळं-पांढरट. “चहा झालाय बघा ऑइलचा. ओढ्यात घातली आणि तशीच ठेवली.” पाणी शिरलेलं तेल ओळखायची ही रीत जुनी गाडी घेताना वापराच. ज्या मालकाने पाण्यात घालूनही तेल बदललं नाही, त्याने बाकी काय काय बदललं नसेल?

जुन्या गाडीत फोर-लो प्रत्यक्ष लावून बघा, मऊ जमिनीवर. माझ्या मेहुण्याच्या जुन्या गाडीत तो लिव्हर चार वर्षं कोणी हलवलाच नव्हता. घाटात, पावसात, रात्री गरज पडली तेव्हा तो हलेना. फोर बाय फोर न वापरल्यानेही बिघडते. महिन्यातून एकदा मातीत पाच-दहा मिनिटं चालवली की सगळं मोकळं राहतं.

नव्या गाडीचा रिकॉल विचारा. फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंद्राने १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्ट तपासण्यासाठी परत बोलावल्या होत्या. त्यावरून गाडी वाईट ठरत नाही. पण त्या काळातली जुनी थार घेत असाल तर काम झाल्याची नोंद मागा.

आणि तुमचा रोजचा प्रवास चार किलोमीटरचा असेल तर आत्ताच्या डिझेलचा नाद सोडा. धुराची काजळी अडवणारा फिल्टर तापून साफ व्हायला लांबची धाव लागते. भाजी आणायला डिझेल फोर बाय फोर काढलीत की तो तुंबतो.

सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते शेवटी बघतात, मी आधी बघतो. गुरखा पुण्यातल्याच कंपनीची, तरी मारुतीइतकी सेंटरं तिची नाहीत.

पायरी ६: तारे मोजू नका, अहवाल वाचा

एनकॅप म्हणजे गाडी आपटून सुरक्षिततेचे तारे देणारी चाचणी. २०२० मध्ये थारला ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले: मोठ्यांसाठी १७ पैकी १२.५२ गुण. रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच, ३२ पैकी ३१.०९. चार आणि पाच शेजारी ठेवून एका ताऱ्याचा फरक समजू नका, कारण मोजपट्टीच वेगळी आहे. थारचे गुण ताशी ६४ किलोमीटरच्या समोरच्या धडकेवर होते. भारत एनकॅपमध्ये त्याशिवाय बाजूची धडकही गुणांत येते. जिम्नीला युरो एनकॅपने २०१८ मध्ये तीन तारे दिले, पण ती युरोपातली तीन दारी गाडी. आपल्याकडच्या पाच दारीला ते तारे लावता येत नाहीत. भारत एनकॅप ऐच्छिक आहे. जिचा निकाल नाही तिच्या रकान्यात शून्य लिहू नका, जागा रिकामी ठेवा. त्या रिकाम्या जागेची तुम्हाला किती भीती वाटते, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मुलांचे गुण वेगळे वाचा. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये मोठ्यांसाठी पाच तारे होते, मुलांसाठी तीन. जाहिरातीत पाचच दिसतात.

ऑफ-रोड ताकद आणि सुरक्षितता हातात हात घालून चालत नाहीत, याचा नमुना जीप रँग्लर. डोंगरदऱ्यांतल्या तिच्या नावाबद्दल कोणाला शंका नाही, आणि २०१८ मध्ये युरो एनकॅपने तिला एक तारा दिला.

गाडी उलटण्याची परीक्षा भारत एनकॅपमध्ये नाही, आणि उंच गाडीला तीच भीती जास्त. त्यामुळे ट्रायलमध्ये मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने लेन बदलून बघा, अंग किती झुकतं ते. मातीत चालवतानाही बेल्ट सगळ्यांनी लावायचा, मागच्यांनीसुद्धा. चढ अर्ध्यात सुटला तर गाडी आडवी वळवायची नाही. रिव्हर्स टाकून आली तशी सरळ मागे.

पायरी ७: गुण देऊ नका, गाळत जा

माझी गाळणी अशी लागली. अठ्ठ्याण्णव टक्के डांबर, म्हणून सुरक्षिततेचा अहवाल पहिला. मग सर्व्हिस सेंटर तीस किलोमीटरच्या आत. मग आई: तीन दारी गाडीत पुढची सीट दुमडून मागे चढताना तिने एकदा गुडघा धरला, “मी आपली एसटीने येईन” म्हणाली, आणि ती गाडी गळली. ऑफ-रोड ताकद शेवटी, तीही वहीतल्या आकड्यांपुरती. कोणाची पाणंद वीस किलोमीटरची असेल तर हाच क्रम उलटा लागेल आणि गुरखा वर येईल.

एक चूक मात्र माझी झाली. वरंबा मी मे महिन्यात मोजला होता. सप्टेंबरात पुन्हा टेप लावला तर १९ चे २३ सेंटीमीटर झालेले, ट्रॅक्टरने चाकोऱ्या खोल केल्या होत्या. जिम्नीची जमिनीपासूनची उंची २१, थारची २२.६. मी वाकून आकडा लिहीत होतो तेव्हा शेजारचे तात्या बांधावर येऊन उभे राहिले.

“काय मोजतोयस?”

सांगितलं.

“मग गाडी कशाला उंच घेतोस? दोन ट्रॉली मुरूम टाक की चाकोरीत.”

मुरूम टाकला. आता १३ सेंटीमीटर आहे.