गेस्ट कंडक्टर व्हायचंय? आधी मागच्या खुर्चीत बसा

मी फोंड्याचा. घरी बाबांची पेटी आणि भजन, आणि मी व्हायोलिनचं खोकं घेऊन बसने पणजीला, कला अकादमीत. नंतर काही वर्षं पाश्चात्य संगीताच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत वाजवलं, थोडंफार कंडक्टिंगही केलं, त्यामुळे हल्ली पोरं विचारतात की हा गेस्ट कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून हाताच्या इशाऱ्यांनी सगळ्यांना वाजवायला लावणारा पाहुणा, नक्की करतो काय.

जत्रेला बाहेरगावचा कीर्तनकार येतो ना, पेटी-तबलेवाले देवळाचे, बुवा पाहुणे, तसंच. म्युझिक डायरेक्टर घरचा, कोण वाजवणार आणि सीझनमध्ये काय वाजणार यात त्याचा शब्द चालतो. प्रिन्सिपल गेस्ट म्हणजे करार करून वर्षातले ठरावीक आठवडे येणारा. आणि नुसता गेस्ट आला की साधारण तीन-चार रिहर्सल, कॉन्सर्ट, विमानतळ. पैसे त्या कामापुरते, त्यातून एजंटचा हिस्सा जातो, आणि आमंत्रणं बऱ्याचदा वर्ष-दीड वर्ष आधी ठरतात, म्हणजे आज नाव झालं तरी उद्या काम नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा.

मागच्या खुर्चीतून जे दिसतं ते मास्टरक्लासमध्ये दिसत नाही. एक पाहुणे आले, पहिल्याच रिहर्सलला संगीतकाराच्या प्रेमभंगावर दहा मिनिटं बोलले, तोवर ब्रासवाले (ट्रम्पेट, हॉर्न वगैरे पितळी वाद्यांचे) मोबाईल काढून बसले. दुसरे आले ते एवढंच म्हणाले, "सेकंड व्हायोलिन, १४२व्या बारपासून, बोच्या टोकाकडे वाजवा." म्हणजे व्हायोलिनची दुसरी तुकडी, स्वरलिपीतला १४२वा खण, आणि गज टोकाकडून. वाजवलं, आणि जाड वाजणारी ओळ एकदम कुजबुजल्यासारखी झाली. त्यांना पुन्हा बोलावलं. धंदा खरं तर या दुसऱ्या बोलावण्यावरच चालतो, पहिलं कसंही मिळतं. रिहर्सल ठरल्या वेळेला संपलीच पाहिजे हेही लिहून ठेवा, पाच मिनिटं जास्त घेतली की चेहरे बदलतात.

माझी फजिती सांगतो. हॉर्नवाल्याला मी सगळ्यांसमोर थांबवलं, म्हटलं इथे 'जी' (G) हा सूर लिहिलाय आणि तू 'सी' (C) वाजवतोयस. तो बिचारा हळूच म्हणाला, "सर, हॉर्न एफमधला आहे." एफ हॉर्नला लिहिलेला जी ऐकू सीच येतो, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, कानाला नव्हतं. तेव्हा स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) नुसता वाचू नका, ट्रान्सपोझ करून, म्हणजे ऐकू येणाऱ्या सुरात बदलून, पियानोवर वाजवा, गाऊन बघा.

वाट कुठली म्हणाल तर बहुतेकांची असिस्टंट कंडक्टर म्हणून सुरू होते. १४ नोव्हेंबर १९४३ च्या कॉन्सर्टला कंडक्टर ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा पंचवीस वर्षांचा असिस्टंट लिओनार्ड बर्नस्टाइन रिहर्सल न करता त्यांच्या जागी उभा राहिला. आपले मुंबईचे कंडक्टर झुबिन मेहता व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्कींकडे शिकले, डबल बासही वाजवायचे, १९५८ ला लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकले आणि तिथेच वर्षभर असिस्टंट होते. स्पर्धांना वयाची अट असते, कुठे नागरिकत्वाचीही, तेव्हा फी भरायच्या आधी नियम वाचा (आपल्या गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनी तर दोनदा). आणि जवळचं म्हणजे मुंबईला एनसीपीएत (नरिमन पॉइंटचं कलाकेंद्र) २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, बाहेरचे कंडक्टर येतात, तिकीट काढून जा आणि त्यांच्या उजव्या हातापेक्षा डाव्याकडे बघा.

सुरुवातीला घरी बीथोव्हेनची पाचवी सिंफनी घ्या. ते प्रसिद्ध चार सूर बीटवर सुरू होत नाहीत, आधी अर्ध्या मात्रेची शांतता आहे, म्हणजे तुमचा हात खाली येतो तेव्हा काहीच वाजत नाही, आणि सगळ्यांनी त्यानंतर एकत्र यायचं. आरशासमोर मला ते मस्त जमायचं. खऱ्या माणसांसमोर पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धे आधी आले, अर्धे नंतर, आणि चेलोतला एक आलाच नाही, तो हसत होता.