कॅमेरा सुरू होण्याआधी रेकॉर्ड लावा

गेल्या आठवड्यात ठाण्याहून एका मुलाचा फोन आला. ते आठ-नऊ जण मिळून जुन्या जाझच्या रेकॉर्ड ऐकतात आणि एका वाहिनीला त्यांच्यावर तीन मिनिटांची स्टोरी करायची आहे. ‘ताई, हो म्हणू की नको?’ असं तो विचारत होता. त्या वेळी मी भाजी चिरत होते, त्यामुळे अर्धवटच बोलले. आता सगळं नीट लिहून काढते, कारण असा प्रश्न विचारणारा तो काही पहिला नाही.

मी एकोणीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली, त्यातली बरीचशी पुरवणीवर. आणि गेली अकरा वर्षं दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी लालबागला एका काकांच्या घरी आम्ही सोल ऐकतो. चौथा शनिवार अशासाठी की आमच्यातले दोघे बँकेत आहेत. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचं साठच्या दशकात बहराला आलेलं संगीत. त्यात चर्चमधल्या गाण्याचा गळा आणि रिदम अँड ब्लूजचा ठेका असतो. सात इंची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे, आणि अडीच-पावणेतीन मिनिटांत गाणं संपतं. त्यातही आमचा जीव आहे तो तिकडे न चाललेल्या गाण्यांवर. ती गाणी वाचवली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांतल्या पोरांनी, रात्र-रात्र त्यांवर नाचून. त्यालाच नॉर्दर्न सोल म्हणतात.

चार वर्षांपूर्वी एक वाहिनी आमच्याकडे आली होती. दहा बाय बाराच्या खोलीत दोन लाइट उभे केले, पंखा बंद करायला लावला. काकांना ‘जरा नाचून दाखवा’ म्हणाले. काका त्र्याहत्तर वर्षांचे, पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून ते उठले. पुढच्या रविवारी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. काका नाचत होते आणि त्यांच्या नाचावर कुठलीतरी तयार, फुकटात वापरता येणारी धून लावली होती. हक्कांचा प्रश्न नको म्हणून वाहिन्या असं करतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी पोटात खड्डा पडला. ज्या गाण्यासाठी आम्ही जमतो, त्याचा एक सेकंदही त्यात नव्हता. काका काही बोलले नाहीत. उठून त्यांनी टीव्ही बंद केला आणि तीच रेकॉर्ड लावली.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे आणि बाकी सगळं त्यातूनच येतं. बातमीदार आला की चहा द्यायचा, खाली बसवायचं आणि तीन गाणी पूर्ण ऐकवायची. तोवर वही उघडायची नाही, कॅमेरा पिशवीतच. हे फोनवरच सांगायचं. ज्याला आठ मिनिटंही नाहीत, त्याला नम्रपणे नाही म्हणायचं. यात आपला काही अपमान नसतो आणि त्याचाही नसतो.

हा हट्ट कशासाठी, ते कळायला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या वीगन गावची गोष्ट माहीत हवी. वीगन कसिनो हा नाचाचा हॉल २३ सप्टेंबर १९७३ ला रात्रभर जागणाऱ्या सोलप्रेमींसाठी उघडला. शनिवारी रात्री दोनला सुरू व्हायचं, रविवारी सकाळी आठला संपायचं. दारू विकली जात नसे. फिरक्या घ्यायला पाय सुळकन सरकावा म्हणून पोरं लाकडी फ्लोअरवर टाल्कम पावडर टाकायची, आपण कॅरमच्या बोर्डावर टाकतो तशीच. शेवटची तीन गाणी ठरलेली असत आणि ती वाजली की सकाळ झाली असं समजायचं. १९७७ साली ग्रॅनडा टेलिव्हिजनसाठी टोनी पामर यांनी तिथे माहितीपट केला. नाचणाऱ्या पोरांच्या अधेमधे त्यांनी जुन्या गिरण्या, खाणी, पडझड झालेल्या वस्त्या लावल्या. बघणाऱ्याला वाटावं, काळोख्या गावातली बिचारी पोरं नाचून दुःख विसरताहेत. अंधारात आपापलं नाचणाऱ्यांवर प्रखर दिवे आले, ते तिथल्या अनेकांना आवडलं नाही.

मी लालबागची. त्यामुळे ही रीत मला आतून कळते. गिरणगावावर काहीही दाखवायचं असलं की आधी चिमणी दिसते, मग भोंगा ऐकू येतो, मग १८ जानेवारी १९८२ चा संप. त्या चाळींत भजनी मंडळं होती, शाहिरी होती, बाकड्यावर बसून रेडिओ ऐकणारी माणसं होती. कुणाला कुठला ठेका का आवडायचा, हे विचारायला कॅमेरा थांबत नाही. वीगन कसिनो बंद झाला डिसेंबर १९८१ मध्ये, आपल्या संपाच्या सहा आठवडे आधी. दोन्हीकडे गिरण्या आणि दोन्हीकडे चित्रणाची हीच पद्धत, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

तरी पामर यांच्यावर राग धरून बसू नका. कसिनोच्या आतलं हलतं चित्रण आज फार थोडं उरलंय आणि त्यात त्यांचंच मोलाचं आहे. म्हणून आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं तसं ‘मीडियाला दारच बंद’ हे मला पटत नाही. आणि एक लक्षात घ्या, ‘नॉर्दर्न सोल’ हे नावच मुळी एका पत्रकाराने दिलंय. त्या पत्रकाराचं, डेव्ह गॉडिन यांचं, लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला सोल सिटी नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. फुटबॉलचे सामने बघायला उत्तरेकडून आलेली पोरं दुकानात शिरायची आणि नवी, संथ ठेक्याची ‘फंक’ म्हणतात ती गाणी सोडून साठच्या मध्यातली वेगवान गाणीच मागायची. गॉडिन यांनी दुकानातल्या माणसांना सांगितलं, उत्तरेकडचं गिऱ्हाईक आलं की त्याला ‘नॉर्दर्न सोल’च ऐकवा. १९७० मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या सदरात त्यांनी तो शब्द छापला. ते बाहेरचेच, लंडनचे. पण ते काउंटरमागे उभे राहून कोण काय ऐकतंय ते बघत होते. तुमच्याकडे येणाऱ्या बातमीदारात असा एखादा असू शकतो. त्याला ओळखायची खूण सोपी आहे: गाणं संपल्यावर तो ‘परत लावता का?’ म्हणतो.

आता येणाऱ्या प्रश्नांची तयारी.

पहिला प्रश्न बहुधा पैशांचा. ‘सगळ्यात महाग रेकॉर्ड कुठली?’ याला आकड्याने उत्तर दिलंत तर आकडाच मथळा होतो. फ्रँक विल्सन यांच्या ‘डू आय लव्ह यू’ची एक प्रत २००९ साली २५,७४२ पौंडांना गेली, ही बातमी जगभर फिरली. तिच्यामागची गोष्ट फारच थोड्यांनी सांगितली: १९६५ साली मोटाउन कंपनीने ती रेकॉर्ड काढता काढता मागे घेतली, विल्सन गायक होण्याऐवजी निर्माते झाले, आणि मोजक्या प्रती तेवढ्या वाचल्या. ती गोष्ट सांगा, आकडा शेवटी सांगा. स्वतःच्या रेकॉर्डची किंमत मात्र कधीच सांगू नका. आमच्यावरचा एक लेख छापून आल्यावर चोर बाजारात मटण स्ट्रीटवर पन्नास रुपयांची इंग्रजी तबकडी तीनशेला झाली होती, आणि मग जी पोरं पॉकेटमनीतून घ्यायची ती यायची बंद झाली.

दुसरा प्रश्न नशेचा. इंग्लंडमध्ये रात्रभर जागण्यासाठी अॅम्फेटामिनच्या गोळ्या घेतल्या जात, हे खरं आहे. पोलिसांचं लक्ष होतं, क्लबांवर दबाव होता. ते लपवू नका, खोटं एकदा पकडलं गेलं की तुमच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. पण प्रमाण सांगा. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावांत झालेल्या तरुणांच्या मारामारीचं वृत्तपत्रांनी कसं भूत उभं केलं, ते समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे त्या भुताचं नाव ‘रेव्ह पार्टी’. रात्रीची वेळ, तरुण मुलं आणि मोठा आवाज एवढं जमलं की डेस्कवर तो शब्द हातात तयार असतो. मीही तो वापरलाय, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. म्हणून वेळ स्पष्ट सांगा: आम्ही दहाच्या आत बंद करतो, शेजारच्या आजी दाराशी बसून ऐकतात.

तिसरा प्रश्न आठवणींचा. ‘जुन्या दिवसांची आठवण येते का?’ आमच्यातल्या निम्म्यांचा जन्म या गाण्यांनंतरचा आहे, आठवण कुठून येणार? काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हा पानंच्या पानं हळहळ छापून आली. दुकान चालू असताना तिथे काय मिळतं हे किती जणांनी लिहिलं होतं? माध्यमं बहुतेक दोनदा येतात, एकदा फॅशन झाल्यावर आणि एकदा बंद पडल्यावर. मधली वर्षं आपली असतात. म्हणून उत्तर वर्तमानकाळात द्या: मागच्या महिन्यात काय सापडलं, या महिन्यात कुठल्या गाण्यावरून वाद झाला.

आणि जो प्रश्न कुणीच विचारत नाही, त्याचं उत्तर आधी द्या: गायक कोण? नॉर्दर्न सोलवरच्या लेखांत गोऱ्या पोरांच्या ढगळ पँटी असतात, बिल्ले असतात, फिरक्या असतात. डेट्रॉइट आणि शिकागोमध्ये ज्यांनी ती गाणी म्हटली, ज्यांना त्यातून फारसं काही मिळालं नाही, ती माणसं गळून जातात. ‘टेन्टेड लव्ह’ हे गाणं १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश बँडमुळे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. ते आधी ग्लोरिया जोन्स गायल्या होत्या, साठच्या दशकात, आणि उत्तरेतल्या क्लबांनी ते जिवंत ठेवलं होतं. आमच्या बाबतीत मथळा आला ‘लालबागचा मराठी माणूस ऐकतो सोल!’ उद्गारचिन्हासकट. त्या लेखात एकाही गायकाचं नाव नव्हतं. आपण कोण आहोत याचं आश्चर्य वाटायला लावणं सोपं असतं. ज्यांचा आवाज ऐकून आपण जमलो, त्यांचं नाव पहिल्या परिच्छेदात यावं, एवढं तरी मागाच.

मागायचं कसं, तर हे डेस्कवरच्या अनुभवातून सांगते. ‘छापण्याआधी लेख दाखवा’ म्हणू नका. कुणी दाखवत नाही आणि संबंध बिघडतात. मथळा आणि फोटोखालची ओळ बातमीदार लिहीत नाही. ते काम रात्री आठ-साडेआठला पान सोडण्याच्या घाईत उपसंपादक करतो. त्याने तुमचं घर पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर कॉपी, म्हणजे बातमीदाराने लिहिलेला मजकूर, असते, फोटो असतो आणि घड्याळ असतं. अशा वेळी कॉपीसोबत एक स्वच्छ, छोटा मजकूर आला, नावं देवनागरीत नीट लिहिलेली, सालं तपासलेली, की मी तो देवाने धाडल्यासारखा वापरायची. म्हणून अर्ध्या पानाचा मजकूर तयार ठेवा आणि निघताना बातमीदाराच्या मोबाइलवर पाठवा. सोबत तुम्हीच काढलेले दोन फोटो द्या: एक तबकडीच्या लेबलचा, अक्षरं वाचता येतील असा, आणि एक सगळे ऐकत बसल्याचा. चांगला फोटो हाताशी असला की नाचून दाखवायचा आग्रह निम्म्याने कमी होतो. वाहिनी असेल तर आधीच विचारा की गाण्याचा तुकडा वाजवणार का. नाही म्हणाले, तर निदान निवेदनात गायकाचं आणि गाण्याचं नाव घेण्याचं कबूल करून घ्या.

काही गोष्टी सांगायच्या नाहीत, त्याही आपसात ठरवून ठेवा. वीगनच्या काळातले डीजे दुर्मिळ रेकॉर्डच्या लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव सांगत, म्हणजे दुसऱ्या डीजेला माग लागू नये. बाहेरच्याला ते विक्षिप्त वाटतं, पण शोधायला घातलेल्या वर्षांची ती राखण होती. आमच्याकडे पत्ता आणि रेकॉर्ड कुठून आणतो ते दुकान, या दोन गोष्टी बाहेर जात नाहीत.

चूक छापून आलीच, तर त्याच दिवशी चार ओळींचं पत्र लिहा. एकच चूक, बरोबर माहिती, आभार. राग त्यात नको. एकापेक्षा जास्त तक्रारी असलेलं पत्र बाजूला पडतं, हे मी स्वतःच्या टेबलावर पाहिलंय.

आमचा कागद असा आहे. हवा तर उतरवून घ्या आणि आपल्या गटाप्रमाणे बदला:

‘आम्ही बारा जण महिन्यातून एकदा साठच्या दशकातल्या अमेरिकन सोल संगीताच्या तबकड्या एकत्र बसून ऐकतो. आज ऐकलेले गायक: ग्लोरिया जोन्स, फ्रँक विल्सन, डीन पॅरिश. ही गाणी तिकडे फारशी चालली नव्हती; इंग्लंडच्या उत्तरेकडच्या तरुणांनी १९७० च्या सुमारास ती शोधून टिकवली. आमच्यात वय वर्षे एकोणीस ते सत्त्याहत्तर असे सगळे आहेत. वेळ संध्याकाळी सहा ते साडेनऊ. कृपया पत्ता छापू नये. गायकांची नावं कापू नयेत. जागा कमी पडली तर आमची कापावीत.’