दमा असताना परत पळायला लागताय? या चुका टाळा

दर जानेवारीत पुण्यातल्या तळजाई टेकडीवर हेच बघतो. नवे शूज, पहिल्याच दिवशी जीव खाऊन पळणं, मग कठड्यावर बसून खोकणं आणि "स्टॅमिनाच राहिला नाही रे" म्हणत घरी. प्रत्येक वेळी प्रश्न स्टॅमिनाचाच नसतो हो. पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते, सुं सुं आवाज येतो, तासाभरात आपोआप बरं वाटतं, असं सारखं होत असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा, स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, करून घ्या. घरी बसून अंदाज बांधू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पंप (इनहेलर) फक्त दम लागल्यावर घ्यायचा असतो असं धरून चालणं. मीही तेच केलंय. चार वर्षांच्या गॅपनंतर डिसेंबरात पहाटे साडेपाचला पळायला गेलो, पंप खाली पार्किंगमध्ये बाईकच्या डिकीत. दोन किलोमीटर मस्त पळालो, काहीच झालं नाही म्हणून खूश होऊन थांबलो आणि सात-आठ मिनिटांत श्वास अडकायला लागला, मित्र चावी घेऊन खाली पळाला, तो परत येईपर्यंत मला चार शब्द सलग बोलता येत नव्हते. खूप घाबरलो होतो. तेव्हापासून पंप खिशात, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पळायच्या १५ मिनिटं आधी साल्बुटामॉलचे (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) दोन पफ, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, पफनंतर दहा सेकंद श्वास धरून.

पण तो पंप रोजच लागत असेल तर ते चांगलं लक्षण नाही. आतली सूज तशीच राहते आणि रोज घेऊन त्याचा असरही कमी होतो. डॉक्टरांना कंट्रोलर इनहेलरबद्दल, म्हणजे सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या रोजच्या पंपाबद्दल, विचारा. "स्टेरॉइड नको" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की तो डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुफ्फुसात जातो, घेतल्यावर चूळ भरायची, बस.

दुसरी चूक वॉर्मअपची, आणि इथे माझं डोकं फिरतं. "टाइम नाही" म्हणे! जोरात पळताना आपण तोंडाने श्वास घेतो, थंड कोरडी हवा श्वासनलिकेतलं पाणी ओढून घेते आणि नळ्या आखडतात. माझी पंधरा मिनिटं ठरलेली, आधी चालणं, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चार-पाच छोट्या धावा, मधे परत चालणं. त्यानंतर बऱ्याच जणांच्या नळ्या तास-दोन तास शांत राहतात. पंधरा मिनिटं नसतील तर त्या दिवशी नुसतं चाला, चालेल. शेवटीही एकदम थांबू नका.

थंडीत नाकातोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी पट्टी) किंवा रुमाल बांधा. शेकोटीचा धूर असेल तर रस्ता बदला. सर्दी असेल तर सुट्टी. पंपावरचा उरलेले पफ दाखवणारा काउंटर बघत जा, रिकामा पंप खिशात घेऊन फिरणारे मी पाहिलेत.

आणि पंप घेऊनही बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.