मान पुढे झुकते आहे का? भिंतीला पाठ लावून पाहा

टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवून उभं राहा. नितंब आणि खांद्यांमागची हाडं भिंतीला टेकवा. आता हनुवटी वर न उचलता डोक्याची मागची बाजू सहज टेकते का? त्यासाठी छताकडे बघावं लागत असेल, तर मान पुढे आलेली आहे. वयस्कर माणसांच्या पाठीला बाक असेल तर डोकं जबरदस्तीने टेकवू नये.

मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांच्या पुढे गेलं की मानेमागच्या स्नायूंना दिवसभर ताणून धरावं लागतं.

उपाय: ताठ बसा, नजर समोर. हनुवटी सरळ मागे सरकवा, ड्रॉवर ढकलावा तशी. पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बहुतेकांची चूक इथेच होते: हनुवटी मागे नेण्याऐवजी छातीकडे झुकवतात. श्वासही रोखू नका.

पण लॅपटॉप खालीच राहिला तर व्यायाम वाया. जाड पुस्तकांवर ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा. कीबोर्ड-माउस वेगळा घ्यावाच लागेल. बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन थोडी खाली हवी, नाहीतर खालच्या काचेतून वाचायला मान मागे टाकावी लागते.

हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल किंवा चालताना तोल जाणं यांपैकी काही असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.