निकेलेट बनवताय? या चुका टाळा

गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं असतं, त्या दिवसांत नाशकात निकेलेट, म्हणजे लॅन्थॅनम, निकेल आणि ऑक्सिजनचं संयुग, करायला घेतलं की पहिली चूक वजनकाट्यावरच होते. लॅन्थॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी ओढून हायड्रॉक्साइड होतं. भुकटी पांढरी ती पांढरीच, पण पूर्ण बदल झाला तर 100 ग्रॅमचे सुमारे 117 ग्रॅम होतात. तुम्ही लॅन्थॅनम आणि निकेल 3:2 धरून तोलता, प्रत्यक्षात लॅन्थॅनम 14 टक्के कमी पडतं. 1.5 चं गुणोत्तर 1.29 वर येतं, म्हणजे 4:3 च्या संयुगापेक्षाही खाली! मग भट्टीला दोष देत बसतो आपण. एमएस्सीच्या प्रकल्पात मीही दोन आठवडे भट्टीचं तापमानच बदलत बसलो होतो. भुकटी रात्रभर 900 ते 1000 अंशांवर तापवा, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, निवली की लगेच तोला.

एवढा जीव का काढायचा, तर या पदार्थांत सगळा खेळ मजल्यांचा आहे. जुन्या नाशकातला वाडा डोळ्यांपुढे आणा. 3:2 चं संयुग दुमजली: निकेल-ऑक्सिजनचे दोन थर आणि मधे खांबासारखा ऑक्सिजन. 2023 मध्ये याच संयुगात 14 गिगापास्कलच्या वर सुमारे 80 केल्विनला अतिवाहकता, म्हणजे कसल्याही रोधाशिवाय वीज वाहणं, दिसली. दाबाखाली हा खांब सरळ होतो, निकेल-ऑक्सिजन-निकेल कोन 168 वरून 180 अंशांवर येतो. तिमजली 4:3 ला मात्र प्रचंड दाब देऊनही 30 केल्विनच्या आसपासच थांबावं लागतं.

आता सगळ्यात फसवी चूक. वजन अचूक, सूत्र अचूक, तरी वाडा वेगळा निघू शकतो. दोन-दोन मजल्यांऐवजी एकमजली आणि तिमजली घरं आलटून पालटून उभी राहतात. एक आणि तीन मिळूनही चारच, त्यामुळे रासायनिक विश्लेषणात काहीच कळत नाही. कळतं ते एक्स-रे विवर्तनात (थरांवरून एक्स-रे कोणत्या कोनांत जोरात परततात ते पाहण्यात), तेही अगदी लहान कोनाला. दुमजली घरं सगळी सारखी, म्हणून तांब्याच्या एक्स-रे नळीवर पहिलं शिखर 8.6 अंशांजवळ येतं. आलटून पालटून रचनेत नमुना दुप्पट अंतरावर परततो, म्हणून 4.3 अंशांपाशीही शिखर येऊ शकतं. सवयीने स्कॅन 20 अंशांपासून लावला की दोन्ही हुकतात. यंत्र चालवणाऱ्याला 3 अंशांपासून सुरू करायला सांगा, वेळ थोडा जास्त लागला तरी चालेल.

निकेलेटची गोळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून वर लोहचुंबक तरंगेल, ही आशाही सोडा. द्रव नायट्रोजनचं तापमान 77 केल्विन, आकडा 80 च्या जवळ दिसतो खरा, पण नेहमीच्या हवेच्या दाबाला ही गोळी अतिवाहक होत नाही. योग्य आधारावर चढवल्यामुळे आडव्या दिशेने आक्रसलेल्या पातळ फिल्ममध्ये बाहेरच्या दाबाशिवाय 40 केल्विनच्या आसपास अतिवाहकता मिळाली आहे, पण ती फिल्म आपल्या भट्टीत होत नाही. आपल्या हातात शुद्ध दुमजली नमुना करणं आहे, आणि तो ओळखायला 8.6 चं शिखर दिसणं पुरेसं नाही, 4.3 चं नसणंही पाहावं लागतं.