आकडा आधी, नाव नंतर : गटफेरीत यादी लिहिणाऱ्याची तयारी

मंडळाच्या गेल्या हिवाळी फेरीत पक्ष्यांची यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मी नासवले. परतलो तेव्हा वहीत ५४ नावे होती, अक्षरही वाचता येण्याजोगे होते, पण ४१ नावांपुढे आकडाच नव्हता. उरलेल्या १३ नावांपुढे १ होता, कारण ते पक्षी एकेकटेच दिसले होते. त्यातही माझे कौतुक काही नाही. तलावाच्या पानावर तर मी ‘चक्रवाक – होते’ असे लिहून ठेवले होते. ते सहा होते की साठ, हे दुसऱ्या दिवशी सोबतच्या अकरा जणांना विचारले, तेव्हा सात निरनिराळी उत्तरे आली आणि माझे स्वतःचे उत्तर त्या सातांपैकी एकाशीही जुळेना. या वेळी वही पुन्हा माझ्याच गळ्यात पडली आहे, म्हणून फेरीला निघण्यापूर्वी ही तयारी सविस्तर लिहून काढत आहे.

पाणी, टोपी, मळखाऊ रंगाचे कपडे आणि चिखलात चालतील अशी पादत्राणे यांबद्दल लिहीत बसत नाही. ज्याला ती आठवणीने आणता येत नाहीत, त्याने यादी लिहिण्याच्या फंदात पडू नये.

आकड्यावर एवढा जोर कशासाठी, असे नवे सभासद विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. नावांची यादी एवढेच सांगते की पक्षी तिथे होता. एखाद्या माळावर चंडोल चाळीसवरून चारवर आले तरी नावांची यादी जशीच्या तशी राहते. घट दिसते ती केवळ आकड्यांत. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० सालच्या नाताळात, त्या दिवशी पक्षी मारण्याच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजावेत असे सुचवले, तेव्हा २७ माणसांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले आणि ती नाताळ पक्षी गणना आजही चालू आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. या दोन्ही उपक्रमांच्या नावातच गणना आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना आकडा माहीत नसेल तर तिथे इंग्रजी एक्स टाकण्याची सोय आहे आणि त्याचा अर्थ ‘पक्षी होता, मोजला नाही’ एवढाच होतो. मी ४१ एक्स टाकले. बारा माणसांची संपूर्ण सकाळ आणि हाती ४१ एक्स.

म्हणून आदल्या रात्री सर्वांत आधी वही आखून ठेवावी, आणि पहिला रकाना आकड्याचा असावा, नावाचा नव्हे. ही युक्ती मला नंतर सुचली, पण तिच्याइतके उपयोगाचे दुसरे काही मला अद्याप सापडलेले नाही: डावीकडचा आकड्याचा चौकोन रिकामा असला की उजवीकडे नाव लिहिताना हात आपोआप अडखळतो. त्यानंतर नाव, मग वेळ, मग टप्पा, आणि शेवटी शेऱ्यासाठी जागा. छापील यादी वहीत चिकटवून तिच्यावर खुणा करण्याचा मोह टाळावा. माझी घसरण तिथूनच सुरू झाली होती, कारण छापील नावापुढे बरोबरची खूण केली की काम झाल्याचे समाधान मिळते आणि माणूस पुढच्या झाडाकडे वळतो. खूण म्हणजे आकडा नव्हे.

पेन्सिली दोन घ्याव्यात आणि एक वहीला दोऱ्याने बांधावी. दवाने ओल्या झालेल्या पानावर शाई पसरते. संक्षेप ठरवून तेही पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, म्हणजे केवळ ऐकलेल्या पक्ष्यासाठी ‘ऐ’, डोक्यावरून उडत गेलेल्यासाठी ‘उ’ आणि पिल्लांसाठी ‘पि’. पक्ष्यांच्या नावांचे मात्र संक्षेप करू नयेत. माझ्या गेल्या वहीत एका ओळीवर नुसते ‘ख’ आहे आणि तो खंड्या होता की खाटीक, हे आता कळण्यास मार्ग नाही.

पहिल्या पानाच्या वरच्या ओळीत फेरी सुरू झाल्याची वेळ, माणसांची संख्या आणि हवा यांसाठी जागा सोडावी. संपल्याची वेळ आणि चाललेले अंतर शेवटी भरायचे. हवा सोडली तर ही माहिती ई-बर्ड अशा फेरीच्या यादीबरोबर मागतेच, आणि ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत की निवडकच, हेही विचारते. बारा माणसांनी चार तासांत पाहिलेले २० खंड्ये आणि एकट्याने अर्ध्या तासात पाहिलेले २० खंड्ये यांचा अर्थ वेगळा होतो, हे ध्यानात घेतले की त्या ओळीचा कंटाळा येत नाही.

दुर्बिणीची तयारी थोडक्यात सांगतो. ८×४२ मधला पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दहापट दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि दिसणारा परीघ अरुंद असतो, त्यामुळे थवे मोजताना मी आठपट दुर्बीण पसंत करतो. उजव्या डोळ्याकडची जुळवणीची कडी आदल्या दिवशी आपल्या डोळ्याप्रमाणे लावून घ्यावी आणि दुर्बीण हातोहात फिरून परत आली की पुन्हा तपासावी, कारण ती कोणीतरी फिरवलेली असतेच. ज्यांच्याकडे कॅमेरे आहेत त्यांना त्यातले घड्याळ बरोबर लावून आणण्यास सांगावे. थव्याच्या फोटोवरून नंतर मोजता येते, परंतु फोटोतली वेळ दोन तास चुकीची असेल तर तो थवा कोणत्या टप्प्यावरचा, यावर पुन्हा वाद होतात.

मागच्या दोनतीन वर्षांच्या त्याच महिन्यातल्या याद्या आदल्या संध्याकाळी वाचाव्यात आणि घोटाळ्याच्या जोड्यांची उजळणी करावी. पांढऱ्या बगळ्यांवर अर्धा तास घालवला तरी चालेल. लहान बगळ्याची चोच आणि पाय काळे, पण पायाची बोटे पिवळी असतात. गायबगळा बुटका, आखूड मानेचा आणि पिवळ्या चोचीचा असतो. मोठ्या बगळ्याच्या जबड्याची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, तर मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. हे वाचून ठेवले नसेल तर काठावर सगळेच ‘बगळे’ होतात. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पर्णवटवट्यांच्या बाबतीत मी स्वतः हात टेकले आहेत. तिथे ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा मानू नये. अनिश्चित जातीलाही आकडा लागतोच.

जमण्याच्या ठिकाणी सगळे आले की पहिली पाच मिनिटे कामे वाटून घेण्यात घालवावीत. यादी एकानेच लिहावी. दुसऱ्याने फक्त आकाशाकडे लक्ष ठेवावे, कारण बारा माणसे झुडपात डोकावत असतात तेव्हा डोक्यावरून कापशी घार निघून जाते आणि ती कोणालाही दिसत नाही. लिहिणाऱ्याने पुढच्या वाटाड्याच्या लगेच मागे चालावे आणि एका जाणकाराने अगदी शेवटी राहावे. आणि एक नियम सर्वांना मोठ्याने सांगावा: पक्षी दाखवणाऱ्याने नावाबरोबर आकडा सांगायचा, आकडा नसेल तर नाव लिहिले जाणार नाही. ‘वेडा राघू!’ असे कोणी ओरडले की ‘किती?’ एवढेच विचारावे. पहिल्या पंधरा मिनिटांत लोक वैतागतात, मग त्यांना सवय होते. लिहिणाऱ्याने मात्र वैतागाला भिऊन नियम सैल करू नये; मी ‘नंतर विचारून घेऊ’ असे म्हणालो होतो आणि ते ‘नंतर’ कधी आलेच नाही.

चालताना मोठा धोका एकच पक्षी अनेकदा मोजला जाण्याचा असतो. गटाची रांग लांबते, पुढच्यांनी पाहिलेला चिरक उडून मधल्यांच्या बाजूला बसतो, तिथून मागच्यांना दिसतो आणि एकाचे तीन होतात. शेवटच्या माणसाने म्हणूनच फक्त पुढच्यांना न दिसलेले पक्षी कळवायचे. त्याच वाटेने परतायचे असेल तर अंतर एकदाच धरावे आणि परतीच्या वाटेवरचे पक्षी पहिल्या आकड्यात मिळवू नयेत. जाताना तीन दयाळ आणि येताना पाच दिसले, तर आकडा पाच, आठ नव्हे.

सातभाई नावाप्रमाणे सातच असतात असे गृहीत धरून कोणी ७ लिहीत असेल तर त्याच्याकडून पेन्सिल काढून घ्यावी. झुडपात असताना ते मोजता येत नाहीत, कलकलाट तेवढा ऐकू येतो. पण थोडे थांबले की ते एकामागून एक उघडी वाट ओलांडतात: पहिला खाली उतरतो, दोन उड्या मारून पलीकडच्या बुंध्याशी जातो, मग दुसरा, मग दोघे एकदम, आणि आता संपले असे वाटून आपण वही मिटतो तेव्हा मागे राहिलेला एक धडपडत येतो. त्या शेवटच्यासाठी थांबावे. गेल्या वेळी मी थांबलो नाही आणि वहीत आकडाही लिहिला नाही.

भोरड्यांचा थवा आला तर एकेक मोजण्याचा हट्ट धरू नये. आधी दहा पक्षी मोजावेत, त्या दहांनी किती जागा व्यापली आहे ते डोळ्यांत साठवावे, तेवढ्या जागांची दहादहाची गठडी करीत शंभर गाठावे आणि मग शंभराच्या मापाने पुढे जावे. अंदाजे ३०० हा प्रामाणिक आकडा आहे. ‘पुष्कळ’ हा आकडा नाही, ‘भरपूर’ हाही नाही, आणि ‘होते’ तर मुळीच नाही.

तलावावर घाई करू नये. माझी फेरी तिथेच बुडाली होती. काठावर पोहोचताच सगळे एकदम बोलू लागतात, कोणी वारकरी दाखवतो, कोणी शेकाट्या, दुर्मीळ काही दिसेल या आशेने दुर्बिणी सैरावैरा फिरू लागतात आणि समोरचे ठळक पक्षी ‘ते काय, दिसतातच आहेत’ म्हणून राहून जातात. चक्रवाक मोजण्यास फार सोपा पक्षी आहे. तो आकाराने मोठा, नारिंगी-तांबूस रंगाचा, बहुधा उघड्या काठावर बसणारा आणि लांबूनही आवाजाने कळणारा आहे. इतका सोपा, की मी तो मोजलाच नाही. तेव्हा काठावर पोहोचल्यावर आधी सोपे पक्षी मोजून त्यांचे आकडे लिहून टाकावेत आणि मगच तुताऱ्या व चिखल्यांच्या भानगडीत शिरावे.

डावीकडून उजवीकडे एकदाच दुर्बीण फिरवून एकाच जातीचे पक्षी मोजावेत, मग पुन्हा डावीकडे येऊन दुसरी जात घ्यावी. सगळ्या जाती एका फेरीत मोजू जाणारा मधेच हरवतो. टिबुकली सारखी बुडते, म्हणून तिच्यासाठी दोनतीन फेऱ्या कराव्यात आणि त्यांतला मोठा आकडा धरावा. मोठा थवा दोघांनी वेगवेगळा मोजावा आणि दोघांचे पूर्ण होईपर्यंत कोणीही आकडा उच्चारू नये. एकाने ‘ऐंशी’ म्हटले की दुसऱ्याचेही ऐंशीच्या आसपासच येतात. एखाद्या शिकारी पक्ष्याची सावली पडून सगळी बदके उठली तर निराश होऊ नये, लव्हाळ्याआड झोपलेली बदके तेव्हाच प्रथम दिसतात. कॅमेरेवाल्यांनी त्या क्षणी सुंदर फोटो शोधत न बसता अख्खा थवा एका चौकटीत घ्यावा.

आवाजांबद्दल: एकाच वेळी तीन दिशांनी तांबट ठोके देत असेल तर आकडा ३, एकामागून एक ऐकू आले तर १ धरणे बरे. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवते, ती सूचना समजावी, नोंद नव्हे. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो आणि त्यात चांगले चांगले फसतात. ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बोलावू नये आणि घरट्याजवळ थांबू नये. यावर चर्चा नको.

फेरी संपली की कोणालाही निघू न देता, उभ्याउभ्याच यादी मोठ्याने वाचावी, नाव आणि आकडा. चौकोन रिकामा असेल तर तिथेच भरून घ्यावा, तेव्हाच बारा जणांना आठवत असते. संपल्याची वेळ आणि अंतर लिहावे.

त्याच संध्याकाळी ई-बर्डवर भरावे, दुसऱ्या दिवशी नको. एकाने भरून बाकीच्यांना तीच यादी शेअर करावी, नाहीतर एकच थवा बारा वेगवेगळ्या याद्यांत जातो. घुबडांच्या बसण्याच्या जागा गटाबाहेर सांगू नयेत. वही फेकू नये.

बाकी राहिलेले आठवेल तसे लिहीन. वही आखून झाली आहे आणि डावीकडचा रकाना मी लाल पेन्सिलीने आखला आहे.