फँटसी वाचायचीय पण सुरुवात कुठून करू? आधी एरवी काय वाचता ते सांगा

मोठेपणी फँटसी वाचायला घेणारे बहुतेक लोक एकाच जागी अडकतात. कोणीतरी सांगतं अमुक सिरीज वाचच, ती निघते दहा-बारा भागांची, पहिलाच भाग आठशे पानांचा, उघडलं की नकाशा, मग राजघराण्यांची नावं, आणि साठाव्या पानाच्या आसपास पुस्तक उशाशी पडतं ते पडूनच राहतं. मग माणूस ठरवून टाकतो की हा आपला प्रांत नाही. असं ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण गेल्या दहाएक वर्षांत मोठ्यांसाठी इतकं सुंदर लिहिलं गेलंय ना. माझं म्हणणं एवढंच की एरवी जे आवडीनं वाचता, रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबरी, आई-मुलांच्या नात्यांच्या गोष्टी, त्याच वाटेनं आत शिरा.

रहस्यकथा आवडतात? मग डोळे झाकून रॉबर्ट जॅक्सन बेनेटची 'द टेंटेड कप' (2024) घ्या. एका बड्या घराण्याच्या बंगल्यात एक अधिकारी मेलेला सापडतो आणि त्याच्या शरीरातून अक्षरशः झाड उगवून वर आलेलं असतं. तपास करणारी अ‍ॅना शक्यतो खोलीबाहेर पडत नाही, डोळ्यांवर पट्टी बांधून बसते, आणि तिचा असिस्टंट डिन जागेवर जाऊन सगळं बघून येतो. डिनची स्मरणशक्ती मुद्दाम बदललेली आहे, तो काहीच विसरत नाही, वेगवेगळ्या वासांच्या बाटल्या हुंगून त्या त्या वेळच्या आठवणी जशाच्या तशा बाहेर काढतो. बाहेर समुद्रातून राक्षसी प्राणी येतात आणि त्यांना अडवायला भिंती उभ्या आहेत, पण तुम्ही वाचत असता ती चोख मर्डर मिस्ट्री, बाकीचं जग आपोआप कळत जातं. हिला 2025 चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीतला मोठा पुरस्कार, मिळाला. पुढचा भागही आलाय, 'अ ड्रॉप ऑफ करप्शन', पण पहिल्या भागातली केस पहिल्या भागातच संपते, लटकत ठेवलेलं नाही.

इतिहास आवडणाऱ्यांसाठी दोन. एक शॅनन चक्रवर्तीची 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अमिना अल-सिराफी' (2023), बाराव्या शतकातला हिंदी महासागर, आणि नायिका कोण तर रिटायर झालेली समुद्री दरोडेखोर बाई, चाळिशी ओलांडलेली, गुडघा दुखतोय, घरी आई आणि लहान मुलगी, आणि तरी शेवटच्या एका कामासाठी जहाजावर चढते. दुसरी आर. एफ. क्वांगची 'बेबल' (2022). 1830 च्या दशकातलं ऑक्सफर्ड, तिथे चांदीच्या विटांवर दोन भाषांतले शब्द कोरतात आणि भाषांतर करताना जो अर्थ निसटतो त्यातूनच जादू तयार होते. दोन भाषांत जगणाऱ्या कुणालाही ही कल्पना आतपर्यंत जाऊन भिडेल. तळटीपा भरपूर आहेत आणि मधला भाग जरा वर्गात बसल्यासारखा वाटतो, पण धीर धरा.

आता माझी सगळ्यात लाडकी, आणि कोणाला काय आवडतं माहीत नसेल तर मी हीच हातात देते: सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' (2020). अडीचशेच्या थोडी पुढे पानं, सिरीज वगैरे काही नाही. एक माणूस न संपणाऱ्या दालनांच्या घरात राहतो, दालनांत पुतळेच पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्राची भरती येते, वरच्या मजल्यावर ढग. तो वर्षं मोजतो ती आकड्यांनी नाही, अमुक दालनांत अ‍ॅल्बट्रॉस पक्षी आले ते वर्ष, अशी. ते पक्षी घरटं बांधू बघतात तेव्हा हा माणूस थंडीत जाळण्यासाठी साठवून वाळवलेलं शेवाळ त्यांना देऊन टाकतो, आपण काही दिवस कुडकुडू पण जगात एक नवा अ‍ॅल्बट्रॉस येईल ना, असा त्याचा हिशोब. मी त्या पानावर पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून होते. हिला 2021 चं विमेन्स प्राइझ (बायकांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्यांसाठीचं) मिळालं. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका, रिव्ह्यू तर नकोच, जितकं कमी माहीत तितकं बरं. ऐकायला आवडत असेल तर अभिनेता चिवेटेल एजिओफरनं वाचलेलं ऑडिओबुक आहे, अप्रतिम आहे.

आणि वाचायचं कसं, तर पहिल्या 50 पानांत अनोळखी शब्दांच्या मागे धावू नका. नकाशा सोडून द्या, परिशिष्ट तर उघडूच नका, नवखा शब्द आला की वाक्यावरून जेवढं कळेल तेवढं घ्या आणि पुढे चला, महत्त्वाचा असेल तर लेखक तो परत आणतोच. माणसांची नावं मात्र एका चिठ्ठीवर लिहा आणि तीच बुकमार्क म्हणून वापरा, मी प्रत्येक जाड पुस्तकाला हेच करते. 50 पानं झाल्यावर स्वतःला एकच विचारा, यातल्या एका तरी माणसाचं पुढे काय होतंय याची काळजी वाटतेय का? नसेल तर खुशाल ठेवून द्या आणि दुसरं घ्या.

पुरस्कारांकडे बघून निवडणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की ह्यूगोला वर्ल्डकॉन या दरवर्षीच्या विज्ञानकथा-फँटसी संमेलनाचे सभासद म्हणजे मुख्यतः वाचक मत देतात, नेब्युला या दुसऱ्या मोठ्या पुरस्काराला लेखकांच्या संघटनेचे सभासद. त्यामुळे नेब्युलात कधीकधी जास्त वेगळं, जरा अवघड पुस्तक वर येतं. वज्र चंद्रसेकरा या श्रीलंकन लेखकाची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (2023) तशीच आहे, आई जन्मतःच मुलाची सावली तोडून टाकते आणि त्याच्याच बापाला मारण्यासाठी त्याला वाढवते. पहिली म्हणून नको, दोन-तीन पचल्यावर घ्या.

तसंच एन. के. जेमिसिनचं, 'द फिफ्थ सीझन' (2015). या मालिकेच्या तिन्ही भागांना 2016, 2017, 2018 असा सलग तीन वर्षं ह्यूगो मिळाला, असं आधी कोणाच्याच बाबतीत झालं नव्हतं. पण सुरुवातीलाच एका आईला तिचं लहान मूल मेलेलं सापडतं, मारणारा बापच, आणि हे सगळं 'तू' म्हणत सांगितलंय, म्हणजे ती आई तुम्हीच. मन हळवं असेल त्या दिवसांत हे हातात घेऊ नका. घ्याल तेव्हा दुसरा भाग 'द ओबेलिस्क गेट' आधीच आणून ठेवा, पहिल्या भागाचं शेवटचं वाक्य एक प्रश्न आहे आणि तो वाचल्यावर रात्री कितीही वाजलेले असोत, दुसरा भाग हाताशी हवाच.